वाचलेला उजेड कुणाचा? – ब्रिटिश स्टँडर्ड टाइमच्या गोष्टीची समीक्षा



आजचा विषय ऐकून आल्या आल्याच एकदोघांनी मला विचारलं, की सर, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं घड्याळाशी काय काम? रास्त प्रश्न आहे. मी घड्याळाचा तज्ज्ञ नाही. मी आज समीक्षा करणार आहे ती एका गोष्टीची. ब्रिटनमध्ये १९६८ ते १९७१ अशी तीन वर्षं 'ब्रिटिश स्टँडर्ड टाइम' नावाची एक वेळ चालली आणि मग बंद पडली. ती का बंद पडली याची एक ठरलेली गोष्ट सांगितली जाते. ती गोष्ट मी स्वतः वर्गात बरीच वर्षं सांगितली. आता वाटतं, की मी ती चुकीची शिकवली. पूर्ण खोटी नव्हे, पण अर्धी. उरलेलं अर्धं आज सांगायचं आहे.

आधी ठरलेली गोष्ट ऐका.

ब्रिटनची मूळ वेळ म्हणजे ग्रिनिच वेळ. उन्हाळ्यात तिथे घड्याळ एक तास पुढे करतात, त्याला ते समर टाइम म्हणतात, आणि हिवाळा आला की पुन्हा मागे घेतात. १९६८ साली हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने ठरवलं, की ही पुढे-मागे करण्याची कटकटच नको. त्या वर्षी १८ फेब्रुवारीला घड्याळं पुढे केली आणि हिवाळ्यात ती मागे घेतलीच नाहीत. २७ ऑक्टोबर १९६८ पासून कायद्याने ब्रिटिश स्टँडर्ड टाइम सुरू झाला. म्हणजे वर्षाचे बाराही महिने ग्रिनिचच्या एक तास पुढे. प्रयोग तीन वर्षांचा. युरोपातल्या बाजारपेठांशी कामाच्या वेळा जुळतील आणि संध्याकाळी उजेड जास्त मिळेल, हे मुख्य हेतू.

पहिला हिवाळा आला आणि ओरड सुरू झाली. लंडनमध्ये डिसेंबरअखेर सूर्य उगवतो आठच्या सुमारास, तो आता नऊला उगवू लागला. आणि उत्तरेला स्कॉटलंडमध्ये, इन्व्हरनेससारख्या गावात, तो नऊच्या जरा आधी उगवायचा, तो आता जवळजवळ दहाला. मुलं काळोखात शाळेला निघाली. शाळकरी मुलांच्या दंडावर मोटारींच्या दिव्यात चमकणारे पट्टे बांधायला सुरुवात झाली. शेतकरी, दूधवाले, पोस्टमन, बांधकामावरचे गवंडी, ज्यांचं काम सकाळी लवकर आणि उघड्यावर, ते सगळे वैतागले. सकाळच्या काळोखात झालेल्या अपघातांच्या बातम्या आल्या. शेवटी २ डिसेंबर १९७० रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतदान झालं. पक्षाचा व्हिप नव्हता, ज्याने त्याने आपापल्या मनाने मत द्यायचं होतं. प्रयोग थांबवावा या बाजूने ३६६, विरुद्ध ८१. ३१ ऑक्टोबर १९७१ ला घड्याळं पुन्हा मागे आली.

इथवर सगळी हकीकत झाली. आता गोष्टीचं तात्पर्य. सकाळचे अपघात वाढले हे खरं. पण संध्याकाळचे त्याहून जास्त कमी झाले. पहिल्या दोन हिवाळ्यांची आकडेवारी तपासली तेव्हा ठार आणि गंभीर जखमी झालेल्यांची संख्या अडीच हजारांहून अधिकने घटलेली दिसली. म्हणजे प्रयोगाने माणसं वाचवली, आणि खासदारांनी तो बंद केला! का? तर सकाळी गेलेल्या मुलाचं नाव वर्तमानपत्रात येतं, फोटो येतो. संध्याकाळी जो अपघात झालाच नाही, त्याची बातमी कोण छापणार? भावनेने विवेकावर मात केली. झालं तात्पर्य.

एम.ए.च्या वर्गात उपयुक्ततावाद शिकवताना मी हे उदाहरण द्यायचो. फार चपखल बसायचं. मुलं माना डोलवायची, मलाही बरं वाटायचं. एका वर्षी मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने हात वर केला. सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावातून आलेला मुलगा, शाळेसाठी पहाटेची एसटी पकडत शिकलेला. त्याने एवढंच विचारलं, "सर, जे वाचले ते राहतात कुठे?"

मी म्हटलं, "म्हणजे?"

तो म्हणाला, "म्हणजे काळोखात चालले ते एका गावचे, आणि वाचले ते दुसऱ्या गावचे, असं असेल तर?"

तास संपत आला होता. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. पण तो प्रश्न माझ्याबरोबर घरी आला, आणि निवृत्त झालो तरी गेलेला नाही.

आता एक गंमत बघा. हा प्रयोग चालू होता त्याच चार वर्षांत तत्त्वज्ञान आणि समाजशास्त्रांच्या जगात तीन फार महत्त्वाची लिखाणं बाहेर पडली. १९६८ साली थॉमस शेलिंग यांचा जीव वाचवण्याच्या किमतीविषयीचा निबंध. १९६९ साली डेव्हिड लुईस यांचं 'कन्व्हेन्शन', म्हणजे संकेत या विषयावरचं पुस्तक. आणि १९७१ साली जॉन रॉल्स यांचं 'अ थिअरी ऑफ जस्टिस'. तिघेही अमेरिकन, विषय वेगळे. पण ब्रिटिश स्टँडर्ड टाइमची गोष्ट नीट वाचायला ही तिन्ही लिखाणं लागतात. मी वर्गात त्यातलं एकच वापरत होतो. आज तिन्ही घेऊ.

त्याआधी मात्र थोडं मागे जावं लागेल, विल्यम विलेट यांच्याकडे.

विलेट हे लंडनजवळ चिझलहर्स्टला राहणारे बांधकाम व्यावसायिक. उन्हाळ्यात सकाळी घोड्यावरून रपेट मारताना त्यांना दिसायचं, की सूर्य केव्हाचा वर आलाय आणि घराघरांचे पडदे अजून बंद आहेत. १९०७ साली त्यांनी स्वखर्चाने एक पुस्तिका काढली, 'द वेस्ट ऑफ डेलाइट'. दिवसाच्या उजेडाची नासाडी! त्यांची योजना अशी, की एप्रिलमधल्या चार रविवारी घड्याळ वीस-वीस मिनिटांनी पुढे करायचं, एकूण ऐंशी मिनिटं. आणि सप्टेंबरमध्ये तसंच टप्प्याटप्प्याने मागे. दिवाबत्तीचा खर्च वर्षाला पंचवीस लाख पौंडांनी वाचेल असा त्यांचा हिशेब होता. संसदेने त्यांच्या हयातीत ते मान्य केलं नाही. १९१५ साली ते गेले. पुढच्याच वर्षी, १९१६ ला, महायुद्धात कोळसा वाचवायला ३० एप्रिलला जर्मनीने आणि २१ मे रोजी ब्रिटनने घड्याळं पुढे केली.

मी या पुस्तिकेकडे एक समीक्षक म्हणून बघतो. तिचा युक्तिवाद पक्का आहे, पण तो उभा आहे एका रूपकावर. उजेडाची नासाडी, उजेडाची बचत. आता आपल्याकडे बचत कशाची होते? धान्याची होते, पैशाची होते. कणगीत भरून ठेवता येतं, नडीला काढता येतं. उजेड कणगीत भरता येत नाही. जूनमधला उजेड डिसेंबरला काढता येत नाही. घड्याळ पुढे केलं म्हणून सूर्य एक मिनिटही जास्त थांबत नाही. घड्याळ एवढंच करतं, की आहे तो उजेड दिवसाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवतं. सकाळचा काढून संध्याकाळला देतं. याला बचत म्हणायचं की वाटप?

विलेट यांच्या बाजूने एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. ते उन्हाळ्याबद्दल बोलत होते. जूनमध्ये लंडनला ग्रिनिच वेळेप्रमाणे पावणेचारला सूर्य उगवतो. चार ते सहाचा तो उजेड बहुतेक लोक झोपेत घालवतात. तो खरोखरच शिल्लक असतो. तो संध्याकाळी नेला तर कुणाच्या ताटातलं काही जात नाही. म्हणून उन्हाळ्यात 'बचत' हा शब्द थोडा सैल असला तरी चालून जातो.

डिसेंबरमध्ये काय होतं? लंडनला दिवस पावणेआठ-आठ तासांचा. इन्व्हरनेसला साडेसहा तासांच्या आसपास. तिथे शिल्लक आहे कुठे? सकाळी शाळेला जायचं, कामावर जायचं. संध्याकाळी परत यायचं. दोन्ही वेळा उजेडात बसवायला उजेडच पुरत नाही. इथे संध्याकाळला जे दिलं, ते कुणाच्या तरी सकाळीतूनच काढलं. १९६८ चा कायदा करणाऱ्यांनी शिलकीच्या काळातला नियम टंचाईच्या काळाला लावला, आणि शब्द तेच ठेवले. माझ्या मते गोष्टीतली पहिली चूक इथे आहे, आणि ती खासदारांच्या भावनेच्या कितीतरी आधीची आहे. शिलकीचं वाटप कसंही केलं तरी फारसं बिघडत नाही. टंचाईचं वाटप करताना न्यायाचा प्रश्न उभा राहतोच. रेशनच्या रांगेत उभ्या राहिलेल्या पिढीला हे मी वेगळं सांगायला नको.

आता लुईस यांच्याकडे येऊ. विलेट यांना तेव्हाही लोक म्हणाले होते आणि आजही म्हणतात, की घड्याळाशी खेळता कशाला, लवकर उठायचं असेल तर लवकर उठा की! आपल्या आजीनेही हेच सांगितलं असतं. वरवर बिनतोड वाटतं. पण लुईस यांनी संकेताची जी मांडणी केली, तिने याचं उत्तर मिळतं. संकेत म्हणजे काय? मी एक गोष्ट करतो, कारण तुम्ही ती करणार अशी माझी अपेक्षा आहे. आणि तुम्ही करता, कारण मी करणार अशी तुमची अपेक्षा आहे. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवण्यात स्वतःचं असं पुण्य नाही. सगळे डावीकडून चालवतात म्हणून मी चालवतो. मी एकट्याने ठरवलं, की उद्यापासून मी तासभर आधी ऑफिसात जाईन, तर ऑफिसचं कुलूप कोण उघडणार? लोकल ट्रेन कोण आधी सोडणार? एकट्याने संकेत बदलता येत नाही. घड्याळ पुढे केलं की सगळ्यांचं सगळं एकदम सरकतं, आणि कुणाला कुणाशी बोलणीही करावी लागत नाहीत. घड्याळाचा कायदा इतका सोयीचा वाटतो तो यामुळे.

पण सोय आहे तिथेच धोकाही आहे. प्रत्येक शाळेने, गिरणीने, कार्यालयाने वेळ बदलायची म्हटलं असतं, तर प्रत्येक ठिकाणी प्रश्न आला असता, की हे कुणाला झेपेल, कुणाला नाही? दूधवाला म्हणाला असता, मला नाही जमत. शाळेतल्या बाई म्हणाल्या असत्या, आमच्याकडची मुलं दोन मैल चालत येतात. घड्याळ बदललं की हे संवादच होत नाहीत. आकडा तोच राहतो. शाळा नऊला होती, नऊलाच आहे. काहीच बदललं नाही असा भास होतो, आणि बदललेलं असतं ते खिडकीबाहेर. संकेत बदलताना आपण वाटपही बदलतो आहोत, हे त्या न बदललेल्या आकड्याआड झाकलं जातं.

दुसरे शेलिंग. माझी वर्गातली गोष्ट मुख्यतः त्यांच्यावर उभी होती. शेलिंग यांनी दाखवलं, की सहा वर्षांच्या एखाद्या मुलीच्या शस्त्रक्रियेला पैसे हवेत असं कळलं, की लोक धावून येतात. पण कर कमी पडल्यामुळे इस्पितळांची स्थिती खालावेल आणि त्यातून काही मृत्यू जास्त होतील असं सांगितलं, तर कुणी खिशात हात घालत नाही. पहिल्या जिवाला चेहरा आहे. दुसरे जीव आकड्यात आहेत. ते कुणाचे हे कधीच कळणार नाही, ज्याचा वाचला त्यालाही नाही.

हे निरीक्षण खरं आहे, आणि ब्रिटिश स्टँडर्ड टाइमला तंतोतंत लागू पडतं. मी आजही त्यातला एक शब्द मागे घेत नाही. संध्याकाळी साडेचारला उजेड होता म्हणून ज्या मुलाला मोटारीच्या चालकाने वेळेवर पाहिलं, ते मूल खरं आहे. त्याला नाव आहे, आई आहे. फक्त आपल्याला ते माहीत नाही. जो दिसत नाही तो नाहीच असं धरणं हा आळस आहे, त्याला करुणा म्हणता येत नाही. पुढे १९७४ साली अमेरिकेत तेलटंचाईमुळे भर जानेवारीत घड्याळं पुढे केली, तेव्हाही फ्लोरिडात काळोखात शाळेला निघालेली मुलं मेली आणि काही महिन्यांत हिवाळ्यापुरता तो बदल मागे घेतला गेला. तिथेही संध्याकाळचा हिशेब लोकांच्या डोळ्यासमोर आला नाही.

पण एवढ्यावर थांबलो तर आपण एक गोष्ट गृहीत धरतो, की सगळा प्रश्न बेरजेचा आहे. सकाळचे अधिक, संध्याकाळचे वजा, उत्तर आलं की संपलं. आणि बेरीज तरी किती पक्की? ऑक्टोबर १९६७ मध्ये, म्हणजे प्रयोगाच्या वर्षभर आधी, ब्रिटनमध्ये चालकाच्या श्वासाची दारूसाठी तपासणी करण्याचा कायदा लागू झाला होता. संध्याकाळचे अपघात कमी झाले त्यात उजेडाचा वाटा किती आणि दारू कमी झाल्याचा किती, हे वेगळं काढणं सोपं नव्हतं. १९८९ साली अभ्यासकांनी जुना अंदाज पुन्हा तपासला तेव्हा तो खाली आणला. घट झाली होती हे त्यानंतरही नाकारलं गेलं नाही; पण मी वर्गात जो आकडा ठणकावून सांगत होतो, तो तितका ठणठणीत नव्हता.

आता रॉल्स, आणि त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. उपयुक्ततावादावर रॉल्स यांचा मुख्य आक्षेप असा, की तो माणसामाणसांतलं वेगळेपण गांभीर्याने घेत नाही. मी आज दात दुखत असताना दंतवैद्याकडे जातो, कारण उद्या मलाच बरं वाटणार आहे. दुःखही माझं, सुखही माझं. तिथे बेरीज-वजाबाकी चालते. पण दुःख एकाचं आणि सुख दुसऱ्याचं असेल, तर 'एकंदरीत फायदा झाला' या वाक्यातला 'एकंदरीत' हा कोण? असा कुणी माणूस नाही. समाज म्हणजे एक मोठा माणूस नव्हे, की ज्याचा डावा हात दुखला तरी उजव्याला आराम मिळाला म्हणून तो खूश राहील.

हे ध्यानात ठेवून नकाशा बघा. घड्याळ एक, पण सूर्य सगळीकडे एका वेळी येत नाही. तोच कायदा लंडनच्या कारकुनाला सकाळी नऊला उजेड देतो आणि संध्याकाळी पाचला घरी जाताना थोडा संधिप्रकाश. तोच कायदा इन्व्हरनेसच्या मुलाला वर्गात बसून पाऊण-एक तास झाला तरी खिडकीबाहेर रात्र दाखवतो. उघड्यावर काम करणारा गवंडी उजेड येईपर्यंत हात बांधून उभा. हे ओझं अपघाताच्या आकड्यात येत नाही. थंडी, काळोख, घाबरत चाललेलं मूल, खोळंबलेलं काम यांचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. विरोध करणाऱ्यांना आपण भावनाप्रधान म्हणालो, कारण त्यांचं नुकसान मोजण्याचं माप आपल्याकडे नव्हतं. माप नसणं हा आपला दोष. आपण तो त्यांच्या माथी मारला.

इथे सरकारने ऑक्टोबर १९७० मध्ये काढलेल्या श्वेतपत्रिकेचा उल्लेख केला पाहिजे. फायदे आणि तोटे यांची एकमेकांशी आकड्यांत तुलना करता येत नाही, असं तिचं म्हणणं होतं. ही कचखाऊ भूमिका आहे असं मी पूर्वी म्हणत असे. आज मला त्यात सरकारी कागदात क्वचित दिसणारा प्रामाणिकपणा दिसतो. एका प्रदेशाची उजळ संध्याकाळ आणि दुसऱ्या प्रदेशाची काळोखी सकाळ यांना एकाच तराजूत घालणारं वजन खरोखरच नसतं. असेल तर ते आधी ठरवावं लागतं, आणि ते ठरवणं हेच राजकारण आहे.

तुम्ही म्हणाल, सर, मग तुमचा निकाल काय? ३६६ बरोबर की ८१? रॉल्सचं नाव घेऊन तुम्ही संध्याकाळच्या मुलाला पुन्हा विसरलात की!

हा आक्षेप जड आहे. संध्याकाळचं मूलही एक स्वतंत्र व्यक्ती आहे, आणि रॉल्सचा युक्तिवाद त्याच्याही बाजूने उभा राहतो. व्यक्तींचं वेगळेपण मानलं म्हणजे संख्या फेकून द्यायची असं होत नाही. माझं म्हणणं असं आहे. खासदारांसमोर दोनच पर्याय ठेवले गेले, आहे तसं चालू ठेवा किंवा बंद करा. तिसरा पर्याय प्रयोगाच्या पहिल्या दिवशीच हवा होता. संध्याकाळच्या उजेडाचा लाभ देशाला होणार असेल, तर सकाळच्या काळोखाचा खर्चही देशाने उचलायला हवा होता. उत्तरेकडच्या शाळा हिवाळ्यापुरत्या उशिरा भरवायच्या. त्यासाठी बसच्या, शिक्षकांच्या, आईबापांच्या कामाच्या वेळा जुळवायला सरकारने पैसा आणि माणसं द्यायची. रस्त्यावर दिवे लावायचे. घड्याळाचा संकेत वर बदलला, तर खालचे छोटे संकेत बदलण्याची जबाबदारी वरच्यांची. तसं काही ठरवून, देशभर, कायद्यासोबत झालं नाही. मुलांच्या दंडाला पट्टे बांधले. म्हणजे काळोखाची जबाबदारी मुलांच्या दंडावर!

अशा वेळी ज्यांच्यावर ओझं पडलं त्यांनी 'बंद करा' म्हटलं, तर त्यांना अविवेकी म्हणण्याचा अधिकार मला नाही. निकाल कदाचित चुकला असेल. म्हणजे काही माणसं त्यामुळे गेली असतील, आणि हे मी हलकं करून सांगत नाही. पण तो चुकला असलाच तर भावना प्रबळ झाली म्हणून नव्हे. ओझं आणि लाभ यांचा सौदा कधी नीट मांडलाच गेला नाही, म्हणून चुकला. २०१० नंतरही ब्रिटनच्या संसदेत घड्याळ पुढे ठेवण्याचं विधेयक आलं होतं, ते २०१२ च्या जानेवारीत बारगळलं. तेव्हाही एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, असाच देखावा होता. चाळीस वर्षांत वाद पुढे सरकला नाही, याचं कारण मला हेच वाटतं.

आता शेवटचं. हे सगळं ब्रिटनचं झालं, आपल्याला त्याचं काय? दोन गोष्टी आठवा.

पहिली मुंबईची. १ जानेवारी १९०६ पासून ब्रिटिश सरकारने भारतीय प्रमाणवेळ सुरू केली. ती मुंबईच्या स्थानिक वेळेच्या ३९ मिनिटं पुढे होती. मुंबई महापालिकेने आपली घड्याळं मुंबई टाइमवर ठेवली, आणि स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं तो टाइम चालला, हे इथल्या ज्येष्ठांनी घरी ऐकलं असेल. महापालिकेतला विरोध अभिमानाचा होता, ते आपण कौतुकाने सांगतो. पण त्याच जानेवारीत गिरणी कामगारांनीही नव्या वेळेविरुद्ध काम बंद पाडलं, दगडफेक झाली, ते कमी सांगतो. त्यांचं गणित साधं होतं. गिरणी सुरू होण्याचा आकडा तोच ठेवून घड्याळ ३९ मिनिटं पुढे केलं, तर सूर्याच्या हिशेबाने कामगाराला ३९ मिनिटं आधी उठून निघावं लागतं. मालकाच्या वहीत काहीच बदललं नाही. कामगाराच्या झोपेत बदललं. लुईस यांचं पुस्तक न वाचता त्या माणसांना कळलं होतं, की संकेत बदलतो तेव्हा वाटप बदलतं.

दुसरी अगदी अलीकडची. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने ठरवलं, की चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, मुलांची झोप पुरी व्हावी. इथे घड्याळाला हात लावला नाही, शाळेची वेळ बदलली. लगेच प्रश्न आले. दोन पाळ्यांत भरणाऱ्या शाळांनी काय करायचं? स्कूलबसवाल्यांच्या फेऱ्या कशा बसणार? आठला कामावर जाणाऱ्या आईबापांनी मूल कुठे ठेवायचं? अनेकांना ही कुरकुर वाटली. मला तो निर्णय घेण्याचा खरा रस्ता वाटला. खडबडीत आहे, वेळखाऊ आहे, पण त्यात कुणाला काय सोसावं लागणार हे बोललं तरी जातं. घड्याळ फिरवलं असतं, तर यातला एकही प्रश्न कुणी विचारला नसता, आणि सोसणारे गप्प सोसत राहिले असते.

लंडनजवळ पेट्स वुड नावाच्या जागी विलेट यांच्या स्मरणार्थ एक छायायंत्र उभारलं आहे. ते समर टाइम दाखवतं. सूर्याच्या घड्याळालाही एक तास पुढे जायला लावलंय! उन्हाळ्यात ते बघायला जाणाऱ्याला गंमत वाटत असेल. मला मात्र ते आठवलं, की वर्गात मागच्या बाकावर हात वर करून बसलेला तो मुलगा दिसतो. त्या दिवशी मी त्याला नीट उत्तर दिलं नाही. आज तो कुठे आहे मला माहीत नाही. हे शब्दांकन त्याच्या वाचनात आलंच, तर त्याला सांगायचं आहे, की तुझा प्रश्न बरोबर होता. वाचलेले कुठे राहतात आणि काळोखात चालणारे कुठे राहतात, हे विचारल्याशिवाय बेरीज करायला बसू नये, एवढं मी त्यानंतर शिकलो.

वेळ झाली. घड्याळाबद्दल बोलून तुमचा वेळ जास्त घेतला तर शोभणार नाही. प्रश्न असतील तर जरूर विचारा.